पेंढ्याच्या पेटीतली कोंबडी

गावठी कोंबडी आणि घाई यांचे कधी जमत नाही. जी कोंबडी वर्ष-दीड वर्ष उकिरडे उकरीत, कुंपणावर उड्या मारीत हिंडली, तिच्या अंगी चव भरते खरी. पण तिचे मांसही तितकेच चिवट होते. ती शिजवायची म्हणजे तास-दीड तास चुलीपुढे बैठक. लाकूड पुढे सारा, फुंकणी फुंका, धूर गिळा, आणि मधूनमधून झाकण काढून बघा, शिजली का नाही ते. दिवेलागणीला शेतावरून परतलेल्या बाईने हा वेळ कोठून आणावा? म्हणून मग पाहुणे आले तर कोंबडी, एरव्ही आपले पिठले-भाकरी, असा घरोघरचा रिवाज पडून गेला.

आज मी असा एक मार्ग सांगणार आहे, की ज्यात कोंबडी आणि भाज्या एकाच पातेल्यात शिजतात, चुलीचे मुख्य काम दुपारीच आटोपते, आणि पुढचे तीन-साडेतीन तास अन्न शिजत असताना त्याच्यापाशी कोणी बसावे लागत नाही. त्याला यंत्र नको, वीज नको. एक मोठा हारा, कोरडा पेंढा आणि एक जुनी गोधडी, एवढे भांडवल पुरे.

आता तुम्ही म्हणाल, विस्तवावाचून अन्न शिजते कसे? अन्न शिजवते ती उष्णता. विस्तव नुसता ती आणून देतो. पातेल्यातले पाणी एकदा उकळू लागले, की ते साधारण १०० अंशांवर पोचते, आणि त्याखाली कितीही लाकडे घातली तरी उघड्या पातेल्यात ते त्याहून तापत नाही. जादा लाकडे जातात ती वाफ करण्यात आणि पातेल्याच्या अंगाखांद्यावरून निसटणारी उष्णता भरून काढण्यात. ही निसटणारी उष्णता आतच कोंडून धरली, तर नवी घालायचे कारण काय? पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, आणि काडीकाडीमध्ये हवा अडकून राहते. अशी अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. थंडीत गोधडी आपल्याला ऊब देते, ती याच कारणाने. गोधडी स्वतः गरम नसते, ती आपली ऊब जाऊ देत नाही, इतकेच.

मंद आचेची ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. चुलीच्या वैलावर आमटीचे भांडे ठेवायचे, फुफाट्यात वांगे पुरायचे, गोवरीच्या आरावर दुधाचे मडके दिवसभर तापू द्यायचे, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. रायगडकडे हिवाळ्यात पोपटी लावतात, तिच्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि कोंबडी भरून, पाण्याचा थेंबही न घालता, भोवती जाळ करून सगळे वाफेवर शिजवतात. जाळ मोठा असतो. पण आतले काम करते ती कोंडलेली वाफच.

इतर देशांतही लोकांनी ही युक्ती शोधली. पॅरिसच्या १८६७ च्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेमधली अशी एक पेटी मांडली होती. दोन्ही महायुद्धांत इंग्लंडमध्ये जळण टंचाईचे झाले, तेव्हा तिथल्या गृहिणी गवताने भरलेल्या खोक्यात रस्सा शिजवीत. आपल्याकडे कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. त्यात तळाशी थोडे निखारे ठेवून वरच्या डब्यांत भात, डाळ, मांस सावकाश शिजत असे. पुढे अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांनी विजेवर तापणारे असेच भांडे बनवले आणि १९४० साली त्याचा हक्क नोंदवला. लिथुएनियातल्या ज्यू घरांत शनिवारी विस्तव पेटवीत नसत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी भांडी भरून निवत्या भट्टीत रात्रभर ठेवीत. ही आईकडून ऐकलेली हकिकत त्यांच्या कामी आली. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवार पाळीत, म्हणूनच त्यांना शनवार तेली म्हणत, हे रायगडच्या श्रोत्यांना ठाऊक असेल.

ते विजेचे भांडे आज शहरात मिळते. त्याला वीज फार लागत नाही. पण कित्येक तास अखंड लागते. मध्येच वीज गेली आणि आपण शेतावर असलो, तर अन्न कोमट होऊन बिघडते आणि आपल्याला कळतही नाही. आपल्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल, तर पेंढ्याची पेटी बरी. घरात प्रेशर कुकर असेल तर तो वापराच. त्यात दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापते, म्हणून काम झटपट होते. पण त्याच्यापाशी थांबून शिट्ट्या मोजाव्या लागतात, आणि कोंबडी मऊ होईतो बटाट्याचा लगदा होतो.

आता पेटी करू या. हारा नसेल तर फळांचा लाकडी खोकाही चालेल. आतून गोणपाट लावा. तळाला चार इंच कोरडा पेंढा दाबून भरा. पातेले मधोमध ठेवा आणि त्याच्या चारही बाजूंना तितकाच पेंढा ठासून बसवा. पातेले काढले की पेंढ्यात त्याच्या आकाराचे घरटे राहिले पाहिजे. वर झाकायला जुन्या कापडाची जाड उशी शिवा आणि तिच्यात भाताचे तूस किंवा कापूस भरा. उशीवर गोधडी. पेंढा दमट असेल तर सगळा खटाटोप फुकट. ओला पेंढा उष्णता सोडून देतो आणि त्याला बुरशीही येते. दर खेपेनंतर पेटीला ऊन दाखवा.

कोंबडी हवाली करण्याआधी पेटीची परीक्षा घ्या. चार-पाच लिटरचे पातेले पाण्याने भरा, झाकण ठेवून खळखळ उकळा, पेटीत ठेवा आणि चार तास हात लावू नका. मग तापमापकाने पाहा. पाणी ६५ अंशांच्या वर असेल तर पेटी पास. खाली असेल तर पेंढा कमी पडला. आणखी ठासा आणि पुन्हा परीक्षा घ्या. तापमापक घरी नसतो, शाळेत असतो. तेव्हा गुरुजी, हे काम तुमच्या वर्गाला द्या. दोन सारख्या लोट्यांत उकळते पाणी भरा. एक उघड्यावर, एक पेंढ्यात. मुलांनी दर अर्ध्या तासाला दोन्हींचे तापमान लिहून आलेख काढावा. लोटा लहान, म्हणून पातेल्याहून लवकर निवेल. तो का निवतो, हाही एक प्रश्न मुलांना घाला. उष्णतेचा धडा फळ्यावर जितका समजत नाही तितका असा समजतो, आणि मूल तो घरी घेऊन जाते.

आता पाककृती. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. सहा माणसांना साफ केलेली गावठी कोंबडी सव्वा किलो, मध्यम तुकडे करून. बटाटे अर्धा किलो, गाजरे पाव किलो, शेवग्याच्या दोन शेंगा, तीन कांदे, लसणीचा एक गड्डा, बोटभर आले, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे अर्धी वाटी वाटण, हळद, मीठ आणि घरचा मसाला. पाणी दीड लिटर. पाणी बेताचेच घाला, कारण पेटीत वाफ जात नाही आणि रस्सा आटत नाही. पातेले मात्र बहुतेक भरलेले पाहिजे. अर्धे रिकामे पातेले पटकन निवते.

तेलावर कांदा परता, आले-लसूण आणि हळद घाला, मग कोंबडी घालून तिचा रंग पालटेपर्यंत परता. मसाला, वाटण आणि मीठ घालून गरम पाणी ओता. उकळी फुटली की बटाटे आणि गाजरे घाला, इंचभर फोडी करून. यांना उकळी दिल्यावाचून पेटीत धाडू नका. मांसाचे चिवट धागे ७० अंशांच्या वर सावकाश विरघळत जातात. कोलॅजेन नावाचा जो चिवट पदार्थ, त्याचे जिलेटिन होते आणि रस्सा दाट लागतो. पण बटाटा-गाजराला मऊ व्हायला त्याहून अधिक ताप लागतो, ८५ अंशांच्या आसपास. म्हणून त्यांचे काम उकळीतच उरकून घ्यायचे. चिंच, कोकम, टोमॅटो यांतले काहीही आत्ता घालू नका. आंबट पडले की भाजी लवकर शिजत नाही.

झाकण ठेवून पंचवीस मिनिटे उकळू द्या. शेवगा शेवटच्या दहा मिनिटांत घाला. कोंबडी जुनी असेल, अंडी घालून थकलेली, तर पंचवीसची चाळीस मिनिटे करा. मग झाकण न उघडता पातेले उतरवा, बुडाला निखारा चिकटलेला नाही ना हे नीट पाहा, बूड पुसून घ्या आणि लगोलग पेटीत ठेवा. पेंढ्यापाशी ठिणगी जाता कामा नये, हे शंभरदा सांगितले तरी थोडेच. उशी दाबून बसवा, गोधडी घाला, आणि आपल्या कामाला जा. दुपारी दोनला ठेवले तर साडेपाचला तयार.

मध्ये उघडून बघायचा मोह आवरा. एकदा झाकण उचलले की कोंडलेली ऊब गेली. ती परत आणायला पुन्हा चूल पेटवावी लागते.

संध्याकाळी पातेले काढून पुन्हा खळखळ उकळी आणा. मटार, निवडलेली मेथी किंवा कोथिंबीर आणि कोकम आता घाला. पाच मिनिटे उकळून ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. हाडापासून मांस बोटाने सुटते की नाही पाहा.

विकतची ब्रॉयलर कोंबडी असेल तर हिशेब निराळा. ती सहा-सात आठवड्यांच्या आतली, कोवळी असते. तिला पंधरा मिनिटे उकळी आणि पेटीत तास-सव्वा तास पुरे. अधिक ठेवली तर चिंध्या होतात. उकळीचा वेळ कमी, तेव्हा बटाट्या-गाजराच्या फोडी बारीक करा.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पेटीत चार तासांहून अधिक ठेवू नका. सकाळी ठेवून रात्री काढायची, असा बेत करू नका. काढताना भांडे चटका देईल इतके गरम असलेच पाहिजे. हात धरवेल इतके कोमट झाले असेल तर ते अन्न खाऊ नका. जंतू उकळून मरतात, पण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. अन्न टाकताना जीव हळहळतो, पण घरातल्या पोराला जुलाब-वांत्या लागल्या तर त्याहून महाग पडते. आणि ज्या घरी मांस खात नाहीत, त्यांनी याच पेटीत तुरीची डाळ, हरभरे जरूर शिजवावे. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच पेटीत घालावा. नुसत्या मंद आचेवर त्यातले विषारी द्रव्य जात नाही.

घरात धुराची चूल असेल तर आणखी एक लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराच्या त्रासाने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीपुढे अधिक बसते ती बाई, आणि तिच्या मांडीवरचे मूल. गावोगाव आता गॅस पोचला आहे. पण सिलिंडर संपला की पुढचा भरायला पैसे हवेत, म्हणून पुष्कळ घरांत गॅस आणि चूल दोन्ही चालतात. पेटी दोघांनाही मदत करते. चुलीचा धूर कमी होतो, आणि गॅसचा सिलिंडर आणखी काही दिवस पुरतो.

पण माझ्या मते पेटीची खरी किंमत जळणात नाही. दुपारी साडेतीन तास मोकळे मिळाले तर कोणी शेतावर एक सरी जास्त खुरपेल, कोणी महिला मंडळाच्या बैठकीला जाईल, कोणी अंमळ आडवी होईल. तिने त्या वेळाचे काय करावे, हे दुसऱ्याने सांगू नये. आणि पातेले पेटीत ठेवणे, उशी दाबणे, संध्याकाळी एक उकळी आणणे, यात असे काहीच नाही की जे घरातल्या पुरुषमाणसाला किंवा शाळेतून आलेल्या मुलाला जमणार नाही.

या रविवारी आधी पाण्याची परीक्षा करा. पेटी पास झाली, तर कोंबडीचा बेत पुढच्या रविवारी.