लिटमसची पट्टी



आठवीत निळा लिटमस लाल झाला की आपण वर्ग डोक्यावर घ्यायचो. तेव्हा बाईंनी लिहून दिलेल्या ‘सामू’ या शब्दावर आज माझं पोट चालतं.

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकाचा रात्री फोन आला. वहिनींना कॅन्सर. “गाठ आंबट असते म्हणे. मग रोज खायचा सोडा देऊ? केमो थांबवू का?” प्रश्नाचा पहिला भाग खरा होता, म्हणूनच उत्तर देणं जड गेलं.

ऑक्सिजन असूनही कर्कपेशी साखर अर्धवटच वापरतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे जर्मनीच्या ओटो वारबर्गनी १९२० च्या दशकात दाखवलं. निरोगी ऊतींत सामू ७.४ च्या आसपास. गाठीत, पेशींच्या बाहेर, तो बऱ्याचदा ६.५ ते ६.९. फरक किरकोळ वाटतो, पण ७.४ चा ६.८ झाला म्हणजे हायड्रोजन आयन चौपट. (लॉगॅरिथम! गणिताच्या सरांनी हसू नये.) कर्कपेशी आतलं आम्ल पंपांनी बाहेर फेकते आणि स्वतः सुखरूप राहते. शेजारच्या निरोगी पेशी मात्र त्यात मरतात, प्रतिकार करणाऱ्या टी-पेशी मंदावतात, डॉक्सोरुबिसिनसारखं औषध आत शिरताना अडखळतं.

मग सोडा? २००९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांना तो पाण्यातून दिला. स्तनाच्या कर्करोगाचं पसरणं कमी झालं. मूळ गाठ आटली नाही. माणसांवर प्रयत्न झाले तेव्हा त्या चवीनेच लोक हरले, ठरलेला डोस पोटात जाईना. शिवाय रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं घट्ट धरून ठेवतात. लिंबूपाण्याने किंवा महागड्या अल्कलाइन पाण्याने तो हलत नाही, आणि सोड्याचा अतिरेक केला तर रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेततं.

मला आशा वाटते ती दुसरीकडे. पेशीचे ते पंपच बंद पाडायचे, किंवा आम्लात पोचल्यावरच उघडेल असं औषध बनवायचं. म्हणजे गाठीचा आंबटपणा हाच तिचा पत्ता. यावर काम चालू आहे, पण दवाखान्यातल्या रोजच्या उपचारात ते अजून आलेलं नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं. तो चिडला. “तुम्हा लोकांना साधे उपाय नकोच असतात,” म्हणाला आणि दोन महिने बोलला नाही. केमो मात्र थांबवली नाही.

अजून कुणाच्या मनात असा प्रश्न असेल तर चहाच्या वेळी खुशाल विचारा. मी मागच्या बाकावरच आहे, सवयीने.