दोन अंकांची बेरीज



वैद्यकक्षेत्रातील काही माणसे रुग्णाच्या उशाशी क्वचितच बसतात. तरीही त्याच्या आयुष्यातील मोठा निर्णय त्यांच्याच शब्दावर ठरतो. विकृतिशास्त्रज्ञ हे त्यांपैकी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कार्य केलेले डॉ. डोनाल्ड ग्लीसन (१९२०–२००८) यांचे जीवनकार्य या दृष्टीने मननीय आहे.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मोठा लहरी. कोणाच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो, तर कोणाचा अल्पकाळातच घास घेतो. सौम्य रोगाला उग्र ठरवावे, तर रुग्णाच्या वाट्याला अनावश्यक शस्त्रक्रिया आणि कदाचित मूत्रावरील ताबा गमावणे येते. उग्र रोगाला सौम्य मानावे, तर प्राणाशी गाठ. १९६२ साली मिनियापोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मूत्ररोग विभागाचे प्रमुख डॉ. जॉर्ज मेलिंजर यांनी हा भेद ओळखण्याची प्रमाणित पद्धत शोधण्याचे काम ग्लीसन यांच्याकडे सोपविले.

ग्लीसन यांनी एकेका पेशीची चिकित्सा करण्याऐवजी सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाखाली ग्रंथींची एकूण रचना न्याहाळली. ती कितपत विस्कटली आहे, यावरून त्यांनी पाच नमुने ठरविले आणि त्यांचे रेखाटनही स्वतःच केले. मग या नोंदी रुग्णांच्या पुढील आयुष्याशी संख्याशास्त्राच्या आधारे ताडून पाहण्यात आल्या.

येथे एक पेच होता. एकाच गाठीत अनेकदा दोन नमुने आढळत. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्या दोन नमुन्यांच्या मध्ये कोठेतरी पडते, असे दिसून आले. तेव्हा एकाची निवड करून दुसरा नाकारण्याऐवजी ग्लीसन यांनी दोन्ही अंकांची बेरीज केली: किमान २, कमाल १०. सन १९६६ मध्ये २७० रुग्णांवरील हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे जगभर रूढ झाला.

२००५ व २०१४ साली तज्ज्ञांनी या पद्धतीत सुधारणा केल्या. आज सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत ६ हाच व्यवहारतः सर्वांत खालचा अंक मानला जातो, आणि तो आलेल्या अनेकांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीखाली ठेवता येते. सुधारणा झाल्या म्हणून मूळ कार्याला उणेपणा येत नाही. डोळ्यांना जे दोन दिसले ते दोन्ही नोंदविण्याचा प्रामाणिकपणा हाच त्याचा पाया होता. आणि तो आजही ढळलेला नाही.