पाण्यावरचें तेल आणि आकाशांतला डोळा



खुलताबादच्या डोंगरावर राहणाऱ्या वृद्ध मास्तरानें समुद्राविषयीं बोलावें, हें आपणांस विचित्र वाटेल. परंतु आजच्या विषयाचें मूळ गांवच्या तळ्यांतहि सांपडतें. वाऱ्यानें शहारलेल्या पाण्यावर थोडें गोडें तेल टाका. शहारे विरतात आणि तेवढी जागा आरशासारखी गुळगुळीत होते. हा प्रयोग मीं मुलांना अनेकदां दाखविला आहे.

याच साध्या गुणाचा उपयोग रडार बसविलेले उपग्रह करितात. ते स्वतःच रेडिओलहरी समुद्रावर सोडतात. बारीक तरंगांनीं खडबडीत झालेलें पाणी त्यांतील कांहीं लहरी परत धाडतें. तेलानें गुळगुळीत झालेलें पाणी त्या भलतीकडेच परावर्तित करितें. म्हणून चित्रांत तेलाची जागा काळी उमटते. या लहरींना रात्र आडवीत नाहीं, कीं ढगहि आडवीत नाहींत.

ढगांचें महत्त्व मुंबईकरांस सांगावयास नको. ७ ऑगस्ट २०१० रोजीं, ऐन पावसाळ्यांत, मुंबई बंदराजवळ ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया’ हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं. सुमारें ८०० टन तेल सांडलें. किनाऱ्यावरील तिवरें काळवंडलीं; लोक मासे घेण्यास कचरूं लागले आणि कोळ्यांच्या पोटावर पाय आला. अशा दिवसांत नुसतें छायाचित्र घेणारा उपग्रह ढगांवरच अडतो.

पुढें २६ एप्रिल २०१२ रोजीं ‘रिसॅट-१’ हा पहिला स्वदेशी रडार-उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजीं त्याचा वारस ‘ई. ओ. एस.-०४’ गेला. सांडलेलें तेल कोणीकडे वाहत जाईल, याचा अंदाज हैदराबादचें महासागर माहिती सेवा केंद्र देतें, आणि तें आवरण्याचें काम तटरक्षक दलाकडे असतें.

मात्र काळें दिसतें तें सारें तेल नव्हे. वारा पडला, अथवा समुद्री वनस्पतींचा स्निग्ध पापुद्रा पसरला, तरी पाणी तसेंच दिसतें. धातूचें जहाज चित्रांत ठिपक्यासारखें चमकतें खरें. पण डागाजवळ असलेलें जहाज गुन्हेगारच असेल, असें नाहीं. म्हणून विमानानें वा बोटीनें जाऊन, तेलाचा नमुना तपासून खात्री करावी लागते.

एकदां वहीवरचा शाईचा डाग पाहून मीं एका मुलास छड्या मारल्या. डाग शेजारच्या मुलानें पाडला होता, हें मागाहून कळलें. ती चूक मला अद्याप सलते. समुद्रांत चोरून तेल सोडणाऱ्यास शासन झालेंच पाहिजे. परंतु डाग दाखविणें हें यंत्राचें काम, आणि तो कोणाचा हें शोधून ठरविण्याची जबाबदारी माणसाचीच.