दुखणे उतरते, आजाराचे काय?

2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. तो वाचून पुष्कळ डॉक्टर बुचकळ्यात पडले. ब्रिटनमधल्या 33 केंद्रांवर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या साडेसहाशेहून अधिक रुग्णांना पंधरा आठवडे कॅप्सूल दिल्या गेल्या होत्या. काहींच्या कॅप्सूलमध्ये गांजाचा अर्क होता, काहींच्या फक्त टीएचसी, म्हणजे गांजातले नशा आणणारे द्रव्य. उरलेल्यांच्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतेच. फिजिओथेरपिस्ट प्रत्येकाचे हातपाय वाकवून स्नायूंचा ताठरपणा ठरलेल्या श्रेणीनुसार मोजत होते. त्या मोजमापात गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. रुग्णांना विचारले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. अर्क घेणाऱ्यांपैकी 61 टक्के आणि टीएचसी घेणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक म्हणाले, ताठरपणा कमी झाला. औषधाविना कॅप्सूल घेणाऱ्यांत हे प्रमाण 46 टक्के होते.

खरे कोणाचे मानायचे? तपासणाऱ्याच्या हाताचे की ज्याचा पाय आखडतो त्याचे?

हा प्रश्न वरवरचा नाही. औषध मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांना ते खरे आहे हे ओळखता आले होते, कारण टीएचसीने डोके थोडे हलके होतेच. त्यामुळे रुग्णांचे म्हणणे जसेच्या तसे पुरावा म्हणून धरता येत नव्हते. दुसऱ्या बाजूने, हात वाकवून घेतलेले माप रुग्णाच्या अख्ख्या दिवसाबद्दल काय सांगणार? रात्री दोन वाजता पोटरीत गोळा येऊन माणूस किंचाळत उठतो, तेव्हा तिथे फिजिओथेरपिस्ट नसतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस ही स्वयंप्रतिकार व्याधी आहे. अशा व्याधींमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ऊतींवर चाल करून जाते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचे आवरण झिजते, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यांचे अस्तर सुजते, क्रोन्समध्ये आतड्याला व्रण पडतात. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन आणि अलीकडची बायोलॉजिक इंजेक्शने हा हल्ला थोपवण्यासाठी असतात. पण हल्ला थोपला तरी मागे खूप काही उरते: दुखणे, आखडणे, उडालेली झोप, मळमळ, कशानेही न जाणारा थकवा. गांजाचा विषय येतो तो इथे. आराम देणे आणि रोग आवरणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. गांजाविषयीच्या उत्साहातही आणि भीतीतही ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ब्रिटनमध्ये हा विषय ऐरणीवर आणला तो रुग्णांनीच. लीड्सच्या एलिझाबेथ ब्राइस यांना तरुण वयातच मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. ‘क्लेअर हॉजेस’ या टोपणनावाने त्यांनी 1992 मध्ये औषधी गांजासाठी संघटना उभी केली. हा पदार्थ ब्रिटिश वैद्यकाला नवा नव्हता. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी आधी जनावरांवर आणि मग संधिवात, धनुर्वात अशा रुग्णांवर गांजाच्या राळेचे प्रयोग करून 1839 मध्ये निबंध वाचला होता. त्यांचा संधिवाताचा एक रुग्ण औषधानंतर आधी भरपूर बडबडला, मग गाऊ लागला आणि शेवटी असा निश्चल झाला की त्याचा हात जसा ठेवावा तसाच राहत होता. काही तासांनी तो शुद्धीवर आला. मात्रेचा प्रश्न किती नाजूक आहे, हे तेव्हाच दिसले होते. ओशॉनेसींमुळे हे औषध इंग्लंडला गेले, तिथल्या औषधालयांत रुळले, आणि 1971 च्या कायद्यानंतर डॉक्टरांच्या हातून निसटले.

1998 च्या नोव्हेंबरात हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या विज्ञान समितीने शिफारस केली की डॉक्टरांना गांजा लिहून देण्याची मुभा असावी. सरकारने ती लगेच फेटाळली. मात्र त्याच वर्षी जेफ्री गाय आणि ब्रायन व्हिटल यांनी जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्स ही कंपनी काढली, आणि दक्षिण इंग्लंडमधल्या काचघरांत, जागेचा पत्ता गुप्त ठेवून, परवान्याने गांजाची लागवड सुरू झाली. त्यातून सॅटिव्हेक्स हा तोंडात मारायचा फवारा तयार झाला. एका फवाऱ्यात 2.7 मिलिग्रॅम टीएचसी आणि 2.5 मिलिग्रॅम सीबीडी असते. सीबीडीने नशा येत नाही. मात्रा हळूहळू वाढवायची आणि दिवसाला बारा फवाऱ्यांच्या पुढे जायचे नाही. चिलमीतला गांजा आणि हा फवारा यांत मोठे अंतर आहे. इथे काय किती पोटात जाते, ते ठाऊक असते.

कॅनडाने 2005 मध्ये या फवाऱ्याला सशर्त मंजुरी दिली. ब्रिटनने 2010 मध्ये, मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या ताठरपणासाठी. त्यामागच्या चाचणीची रचना हुशारीची होती. 572 रुग्णांना आधी चार आठवडे खरे औषध दिले. जवळपास निम्म्यांना 20 टक्के किंवा त्याहून जास्त आराम पडला. मग फक्त त्यांच्यातल्याच 241 जणांचे दोन गट करून एकाला औषध पुढे चालू ठेवले, दुसऱ्याला नुसता फवारा. फरक स्पष्ट निघाला. याचा सरळ अर्थ असा की हे औषध सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांना लागू पडते त्यांचा आराम मनाचा खेळ नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2014 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून नकार दिला होता. 2019 मध्ये तिने वाट काढली: बाकीची औषधे पुरी पडत नसतील तर चार आठवडे द्यावे, त्या काळाचा भार कंपनीने उचलावा, आणि किमान 20 टक्के फरक पडला तरच पुढे चालू ठेवावे. रुग्णाचा शब्द मानायचा आणि त्याला मापही लावायचे, अशी ही तडजोड आहे. 2003 च्या कोड्याला याहून शहाणे उत्तर अजून कोणी दिलेले दिसत नाही.

हे झाले आरामाचे. आजाराचे काय?

गांजात रोग आवरण्याची ताकद असेल, ही आशा निराधार नव्हती. राफाएल मेशूलम यांनी इस्रायली पोलिसांकडून मिळालेला पाच किलो जप्त लेबनीज हशीश बसमधून प्रयोगशाळेत नेला आणि 1964 मध्ये सहकाऱ्यासह टीएचसीची रचना उलगडली. पुढे शरीरात त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर सापडले. एक प्रकार मुख्यतः मेंदूत, आणि 1993 मध्ये सापडलेला दुसरा, सीबी-टू, प्लीहेत आणि रोगप्रतिकारक पेशींवर. प्रतिकारक पेशींवरच हे कुलूप असेल, तर योग्य किल्लीने त्यांचा बेफाम हल्लाही थांबवता यावा, असा तर्क होता. बशीतल्या पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये तो पुष्कळदा खराही ठरला.

माणसांमध्ये निकाल वेगळा आला. 2013 मध्ये निकाल आलेल्या ब्रिटनमधल्याच आणखी एका चाचणीत मल्टिपल स्क्लेरोसिस बळावत चाललेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी काहींना तीन वर्षे टीएचसी दिले, बाकीच्यांना औषधाविना कॅप्सूल. आजाराच्या वाढीवर काहीही परिणाम दिसला नाही. त्याहून बोलका प्रयोग लेनाबेझम या रेणूचा. तो मेंदूत फारसा न शिरता सीबी-टूवर काम करावा अशाच बेताने बनवलेला होता. म्हणजे नशा नाही आणि निशाणा थेट प्रतिकारक पेशींवर. त्वचा आणि आतले अवयव कडक करत नेणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये 365 रुग्णांवर त्याची वर्षभराची चाचणी झाली. 2020 मध्ये निकाल आला: औषधाविना गोळीपेक्षा फरक नाही. पुढच्या वर्षी डर्मॅटोमायोसायटिस या स्नायू आणि त्वचेच्या आजारातही तेच झाले. यातून हा मार्ग कायमचा बंद झाला असे नाही. पण ‘गांजा रोगप्रतिकारशक्ती संतुलित करतो’ असे ठोकून सांगणाऱ्या जाहिरातींना या निकालांनी आधार ठेवलेला नाही.

आतड्याच्या आजारात आराम आणि रोग यांतले अंतर जास्तच धोकादायक होते. इस्रायलमध्ये टिमना नफ्ताली यांनी 2013 मध्ये क्रोन्सच्या 21 रुग्णांवर छोटी चाचणी केली. गांजाच्या सिगारेटी ओढणाऱ्या 11 पैकी 10 जणांच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, टीएचसी काढून टाकलेल्या सिगारेटी ओढणाऱ्या 10 पैकी चौघांच्या. बातम्या झळकल्या. पण त्याच गटाने नंतर तेलरूपातला गांजा देऊन आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा रुग्णांना बरे वाटत असूनही आतली सूज जशीच्या तशी आढळली. कॅनडातल्या कॅल्गरीच्या 2014 मधल्या पाहणीत गांजा वापरणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनी पोटदुखी कमी झाल्याचे सांगितले. मात्र सहा महिन्यांहून जास्त काळ तो घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे पाचपट निघाली. ज्यांचा आजार मुळातच उग्र, तेच गांजाकडे जास्त वळत असतील. एका पाहणीवरून गांजाला दोषी धरता येत नाही. तरी आतडे आतून सुजत असताना दुखणे झाकले गेले, तर रुग्ण दवाखान्याची पायरी उशिरा चढणार, ही भीती खरी आहे.

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे नाव आपल्याकडे घरोघर ऐकू येते, पण त्याच्या बाबतीत पुरावा अगदी तुटपुंजा आहे. 2006 मधल्या ब्रिटिश चाचणीत 58 रुग्णांपैकी काहींना पाच आठवडे सॅटिव्हेक्स दिले, बाकीच्यांना औषधाविना फवारा. हालचालीत होणारे दुखणे, बसल्याजागचे दुखणे आणि झोप यांत थोडी सुधारणा झाली. सकाळचा ताठरपणा मात्र हलला नाही. एवढ्या आधारावर सांधे वाचवणारे मेथोट्रेक्सेट बंद करून तेलाची बाटली धरणे म्हणजे बोटे कायमची वाकडी होऊ देणे. असे सल्ले गोड बोलून दिले जातात, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

या रुग्णांना गांजाचे जे धोके असतात, ते निरोगी तरुणाला असणाऱ्या धोक्यांहून वेगळेही असतात. सीबीडी यकृतातली औषधे मोडणारी वितंचके अडवते. त्यामुळे टॅक्रोलिमस घेणाऱ्याच्या रक्तात त्याचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. हे औषध ल्युपसने मूत्रपिंडाला इजा झालेल्यांना दिले जाते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचेही तसेच. ओढायच्या गांजात ॲस्परजिलस बुरशी असू शकते, आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती जीवघेणी ठरते. स्वयंप्रतिकार व्याधींचे रुग्ण बहुतांशी स्त्रिया असतात आणि पुष्कळांचे आजार मूल होण्याच्या वयात सुरू होतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गांजा टाळायचाच. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आजारानेच स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग घसरतो. टोरांटोच्या अँथनी फाइनस्टाइन यांच्या गटाने नियमित गांजा ओढणाऱ्या 40 रुग्णांपैकी निम्म्यांचा गांजा 28 दिवस थांबवला, तर त्यांची बौद्धिक कामगिरी लक्षणीय सुधारली. वेदना कमी करून घेताना माणूस काय गमावतो आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ, दोन्ही बंद. पाने त्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून शिवरात्रीची भांग राज्यांच्या नियमांवर चालते. वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण संधिवाताने दुखते म्हणून फुलोरा बाळगणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही. आयुर्वेदिक परवान्यावर ‘विजया’ नावाने पानांच्या अर्काची तेले आणि गोळ्या विकल्या जातात. औषध नियमांच्या ई-1 या अनुसूचीत, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग नोंदलेली आहे. व्यवहारात मात्र फोनवर पाच मिनिटे बोलून बाटली घरी पोचू शकते आणि मूळ आजारावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला त्याचा पत्ताही लागत नाही. 2020 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. हे मत देणाऱ्या देशात, जिथल्या कलकत्त्याहून या झाडाची ख्याती जगभर गेली त्याच देशात, संधिवाताच्या आपल्या रुग्णांवर नीट आखलेली मोठी चाचणी व्हायला हवी.

ती होईपर्यंत दवाखान्यातल्या साध्या गोष्टी तरी करता येतील. संधिवात किंवा पोटविकार तज्ज्ञाने प्रत्येक रुग्णाला, आवाजात कोणताही ठपका न आणता, विचारावे: भांग, गांजा, विजयाचे तेल, यांपैकी काही घेता का? उत्तर ‘हो’ असेल तर मात्रा आणि नाव केसपेपरवर लिहावे. रुग्णाने दुखणे, झोप आणि पडलेल्या चकरा चार आठवडे वहीत टिपाव्यात. त्याच्या शेजारी सूज दाखवणारी रक्तातली सीआरपी, क्रोन्स असेल तर आतड्याची सूज दाखवणारे शौचातले कॅलप्रोटेक्टिन, मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर वेळेवर एमआरआय, असे आकडे असावेत. वहीतले दुखणे उतरत असेल आणि आकडे चढत असतील, तर मूळ उपचार त्याच भेटीत तपासून बदलावा लागतो.