पोहता येतं म्हणजे नेमकं काय येतं?

नाशिकमध्ये उन्हाळी बॅच सुरू झाली की पालक विचारतात, "किती दिवसांत येईल?" मी म्हणते, वयाप्रमाणे परीक्षा वेगळी.

पाच वर्षांच्या पोराने पाण्यात श्वास सोडला, कडा धरून बाहेर आलं, की पास. सहा ते दहा वर्षांच्यांनी पाठीवर तरंगायचं, वळून कडेला यायचं. कॉलेजवाल्यांनी खोल पाण्यात जागेवर तरंगायचं. कुणी बुडत असेल तर उडी न मारता दोर, ओढणी फेकायची. चाळिशीतल्यांची आधी भीती घालवायची, स्ट्रोक नंतर.

लॅप्स शेवटी मोजा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीला तलावासारखी कडा नसते. पास झालात तरी पुरात उतरायचं नाही, हा शेवटचा धडा!