रक्तसंपर्क आणि पहिले काही तास

रुग्णालयातील कचऱ्याची पिशवी उचलताना सफाई कामगाराच्या बोटात सुई शिरते. रक्ताचा थेंब दिसतो. तो बोट तोंडात घालून चोखतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामास लागतो. वरिष्ठांना सांगितले तर निष्काळजीपणाचा ठपका आपल्यावरच येईल, ही धास्ती त्याच्या मनात असते. या मौनात जे तास निघून जातात, तेच उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

दुसऱ्याच्या रक्तावाटे प्रामुख्याने कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे विषाणू शरीरात येऊ शकतात. समाजात भीती आहे ती एचआयव्हीची. प्रत्यक्षात, बाधिताच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण हजारात सुमारे ३ जणांस होते. कावीळ क ची शंभरात फार तर दोघांस. लस न घेतलेल्यांना कावीळ ब होण्याचे प्रमाण मात्र शंभरात ६ ते ३० इतके आहे, आणि तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही ७ दिवस तग धरू शकतो. धडधाकट, अखंड त्वचेवर रक्त सांडल्यास भिण्याचे कारण सहसा नसते.

सुई टोचताच ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळू नये, चोखू नये; चुना, स्पिरिट वा ब्लीचिंगचे पाणी लावू नये, कारण त्याने कातडी दुखावते. रक्त डोळ्यांत उडाल्यास डोळे नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत. एवढे करून लगेच डॉक्टरांकडे जावे.

एचआयव्हीचा धोका संभवत असेल तर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात. त्या शक्यतो २ तासांच्या आत घ्याव्यात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग होईल असे मानले जात नाही. म्हणून घटना रात्री घडली तर सकाळची वाट पाहणे हिताचे नाही. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. मळमळ होते म्हणून मध्येच त्या सोडून देणारे काही असतात. त्यांना धीर देऊन औषध पूर्ण करवून घ्यावे लागते. रक्ततपासणी सुरुवातीस व पुढेही ठरावीक काळाने करतात. कावीळ ब साठी लस आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, दिले जाते. कावीळ क वर लस नाही; तथापि तपासणीत ती वेळेवर आढळल्यास गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

कावीळ ब ची लस देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्या कामगारांपैकी अनेकांना ती मिळालेली नसते. डॉक्टर व परिचारिका यांची आठवण ठेवली जाते. झाडू हाती घेणाऱ्याची शेवटी, किंवा मुळीच नाही. हा क्रम उलटा करावयास हवा. लशीच्या ३ मात्रा ६ महिन्यांत पूर्ण होतात.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ अन्वये, अशा संसर्गाचा धोका असलेल्या आस्थापनेने कामगारांस संरक्षक साधने, प्रशिक्षण व अपघातानंतरचे प्रतिबंधक औषध पुरविणे बंधनकारक आहे. सुई टोचल्याचे सांगणारा कामगार हा गुन्हेगार नव्हे, तो हक्क मागत असतो, हे कार्यालयप्रमुखांनी ध्यानी घ्यावे.

येथे जमलेल्या पंचायत सदस्यांचा संबंध घंटागाडीशी अधिक येतो. मधुमेहाचे रुग्ण घरी इन्शुलिन टोचून घेतात आणि सुया ओल्या कचऱ्यात टाकतात. त्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण घट्ट लावून, वेगळ्या द्याव्यात, असे ग्रामसभेत सांगता येईल. शाळेत मुलाचा घोळणा फुटला वा गुडघा सोलवटला तर शिक्षकांनी हातमोजे घालूनच रक्त पुसावे. त्यासाठी हातमोज्यांची जोडी प्रथमोपचार पेटीत असावी लागते, आणि पेटीची किल्ली शाळेतच असावी लागते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिबंधक गोळ्या रात्रीही मिळतात, याची चौकशी आधीच करून तेथील दूरध्वनी क्रमांक पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा.