मतें मोजण्याच्या रीती

गणितांत रीत बदलली तरी उत्तर तेंच येतें, हें मीं वर्षानुवर्षें मुलांस सांगितलें. निवडणुकीच्या गणितास हा नियम लागू नाहीं.

१९३७ सालीं मुंबई प्रांतांत अनेक जागांचे कांहीं मतदारसंघ होते. जितक्या जागा तितकीं मतें, आणि तीं सारीं एकाच उमेदवाराच्या पारड्यांत टाकण्याची मुभा. संख्येनें थोडे असलेले लोकहि एकवटले तर आपला माणूस कायदेमंडळांत धाडूं शकत. डॉ. आंबेडकर या रीतीचे पुरस्कर्ते. त्या सालीं ते निवडून आले. १९५२ त एका उमेदवारास एकाहून अधिक मत देतां येईना. उत्तर मुंबईंत त्यांचा पराभव झाला; केवळ रीतीमुळें, असें मात्र मी म्हणणार नाहीं.

आज लोकसभेच्या एका मतदारसंघांतून एकच प्रतिनिधि. मोजणी सोपी, सरकार बहुधा स्थिर. पण २०१४ त शेंकडा ३१ मतांवर भारतीय जनता पक्षास ५४३ पैकीं २८२ जागा मिळाल्या, आणि शेंकडा ४ मतें घेणाऱ्या बहुजन समाज पक्षास एकहि नाहीं! त्या दोन कोटींहून अधिक मतदारांचें काय?

इस्रायलांत मतांच्या प्रमाणांत जागा मिळतात. परंतु तेथें एकाहि निवडणुकींत एका पक्षास बहुमत लाभलेलें नाहीं. लहान पक्षांची मनधरणी नित्याचीच. मला न्यूझीलंडची तोड बरी वाटते. १९९६ पासून तेथील मतदार एक मत माणसास व दुसरें पक्षास देतो, आणि सभागृहांतील पक्षांचें प्रमाण या दुसऱ्या मतावरून ठरतें.